भरवशाचा जनरेटर

चांगल्या सर्व्हरच्या पाठीमागे दोन प्लग असतात. एकाची वीज गेली तर दुसरा आहेच. ते दोन प्लग दोन वेगळ्या पट्ट्यांत जातात, पट्ट्या दोन वेगळ्या यूपीएसना, यूपीएस दोन वेगळ्या फीडरांना. यूपीएसच्या पोटात बॅटऱ्यांची रांग असते, ती पाच-दहा मिनिटं तग धरते. तेवढ्यात बाहेरचा डिझेल जनरेटर खोकत जागा होतो आणि दहा-पंधरा सेकंदांत कामाला लागतो. तोही एकटा नसतो. चार लागत असतील तर पाच ठेवायचे, हा रिवाज. डिझेल दोन दिवसांचं भरलेलं. ते संपलं तर टँकरवाल्याशी करार. टँकर आलाच नाही तर काय, हे कुणीतरी कुठल्यातरी बैठकीत विचारलेलं असतं आणि त्यावर ‘पुढील बैठकीत चर्चा’ असं लिहिलेलंही असतं.

या सगळ्या थाटाला दर्जा देणारी एक अमेरिकन संस्था आहे, अपटाइम इन्स्टिट्यूट. तिच्या सर्वांत वरच्या म्हणजे चौथ्या श्रेणीशी जो आकडा जोडला जातो तो ९९.९९५ टक्क्यांचा. हिशेब केला तर वर्षाकाठी सव्वीस मिनिटांची विश्रांती निघते. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी वळवाचे पहिले चार थेंब पडले की हा वर्षाचा कोटा दुपारच्या चहाआधी संपतो.

इतका बंदोबस्त असूनही सर्व्हर बंद पडतात. ते कसे पडतात हे नीट पाहायचं असेल तर न्यूझीलंडकडे बघावं. वीज तिथे वाईट आहे म्हणून नव्हे. वीज चांगली आहे, बरीचशी धरणांतून येते, आणि एरवी ती आहे की नाही याचा कुणी विचारही करत नाही. पण जेव्हा जाते तेव्हा तिथे चौकशी बसते, अहवाल निघतो, आणि तो अहवाल कुणालाही वाचायला मिळतो. फजितीची इतकी व्यवस्थित नोंद ठेवणारे देश थोडे.

रविवार, ११ ऑक्टोबर २००९. शाळांच्या सुट्ट्या संपत आलेल्या, विमानतळांवर पोराबाळांची गर्दी. एअर न्यूझीलंडचा मेनफ्रेम ऑकलंडच्या न्यूटन भागातल्या आयबीएमच्या डेटा सेंटरमध्ये होता. तिथे आधी ठरवून, सगळ्यांना कळवून देखभालीचं काम चाललं होतं. सकाळी साडेनऊच्या सुमारास त्या कामात एक जनरेटर बंद पडला आणि मेनफ्रेमसकट सेंटरच्या काही भागाची वीज गेली. मग चेक-इन गेलं, ऑनलाइन तिकिटं गेली, कॉल सेंटर गेलं. दहा हजारांवर प्रवासी खोळंबले. आयबीएमच्या बाकीच्या बहुतेक ग्राहकांचं काम तासाभरात सुरू झालं. विमान कंपनीचं गाडं रुळावर यायला दुपारचे साडेतीन वाजले. प्राथमिक तपासात दोषी ठरला तो राखीव जनरेटरवरचा तेलाचा दाब मोजणारा एक सेन्सर.

हा सेन्सर असतो कशासाठी? तेलाचा दाब घसरला तर इंजिन जळू नये, म्हणून. म्हणजे सर्व्हरच्या रक्षणाला जनरेटर, आणि जनरेटरच्या रक्षणाला सेन्सर. रक्षणाची ही उतरंड कागदावर छान दिसते. अडचण एवढीच, की सगळ्यांत खालच्या रक्षकाला वरच्यांची काही कल्पना नसते. विमानतळावर पाच तास रांगेत उभ्या असलेल्या आजीबाई त्याच्या डायलवर दिसत नाहीत.

एअर न्यूझीलंडचे तेव्हाचे मुख्य अधिकारी रॉब फाइफ यांनी कर्मचाऱ्यांना एक ई-मेल लिहिलं. आपल्या तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या मोठ्या बिघाडाला इतक्या संथपणे सामोरा जाणारा आणि माफी मागायला इतका नाखूश पुरवठादार पाहिल्याचं आठवत नाही, असा त्याचा आशय होता. पत्र अर्थातच वर्तमानपत्रांत पोचलं. कर्मचाऱ्यांना लिहिलेली रागाची पत्रं पोचवण्याची यंत्रणा मात्र जगात कुठेच बंद पडत नाही, आणि तिला राखीव विजेचीही गरज नसते.

वादळ नव्हतं, भूकंप नव्हता. चालू होती ती देखभाल. या धंद्यातले जुने लोक या वाक्यावर मान डोलावतात.

ठाणे-डोंबिवलीहून ऑकलंडला गेलेल्या माणसाला पहिलं नवल वाटतं ते घरात इन्व्हर्टर नसल्याचं. न्यूझीलंडच्या राखीव यंत्रांची दुर्दशा नेमकी इथे सुरू होते. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या त्या वर्षांत बँकेच्या शाखेतला जनरेटर रोज चालायचा. रोज चालणारं यंत्र रोज कुरकुरतं, आणि कुरकुर ऐकून शिपाई त्याला वेळेवर तेल-पाणी करतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घालायचं हे घरातल्या आजोबांना तोंडपाठ असायचं. तिकडे चकचकीत डेटा सेंटरमधला जनरेटर महिन्यातून एकदा अर्धा तास चालवतात, तोही पुष्कळदा बिनभाराचा. उरलेला महिना तो खुशाल असतो. त्याच्या प्रकृतीची खरी चाचणी खऱ्या संकटातच होते, आणि तिचा निकाल लगेच लागतो.

जनरेटर ऐन वेळी सुरू न होण्याचं अगदी नेहमीचं कारण कोणतं म्हणाल? त्याला स्टार्टर मारणारी बॅटरी. ट्रकला असते तशीच साधी. कोट्यवधींची यंत्रसामग्री, दोन-दोन फीडर, दोन-दोन यूपीएस, आणि सगळ्यांचा जीव शेवटी एका बॅटरीच्या खारवलेल्या टर्मिनलवर. यूपीएसमधल्या बॅटऱ्यांची तऱ्हाही वेगळी नाही. त्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे रांगेतल्या एका सेलने मान टाकली की बाकीच्या धडधाकट सेलांसह सगळी रांग आडवी.

शिवाय तांबडं बटण आहे. आग लागली तर एका दणक्यात सगळी वीज तोडता यावी म्हणून ते सर्व्हरच्या खोलीत दाराजवळ बसवतात. बाहेर पडायचं दार उघडणारं बटणही दाराजवळच असतं. त्यामुळे हातात खोकं घेऊन घाईने निघालेल्या माणसाने दार उघडण्यासाठी तांबडं बटण दाबल्याच्या कथा या क्षेत्रात प्रत्येकाला ठाऊक असतात. पुढे त्या बटणावर प्लास्टिकचं झाकण येतं. त्या झाकणामागे एक गोष्ट आहे हे ओळखायला चौकशी समिती लागत नाही.

पण या सगळ्या प्रकाराची गंगोत्री १९९८ ची. त्या उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा जानेवारी-फेब्रुवारीत) ऑकलंडच्या मध्यवस्तीला मर्क्युरी एनर्जी ही कंपनी चार मोठ्या भूमिगत केबलांनी वीज पुरवत होती. त्यांतल्या दोन वायू भरलेल्या, चाळीस वर्षांच्या, बदलायची मुदत उलटून गेलेल्या. उरलेल्या दोन तेल भरलेल्या. चार म्हणजे भक्कमच की. एक गेली तर तीन, दोन गेल्या तर दोन.

जानेवारीच्या उत्तरार्धात पहिली गेली. उन्हाळा कडक, माती कोरडी ठणठणीत. आणि कोरड्या मातीत पुरलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही. ९ फेब्रुवारीला दुसरी गेली. तिचा बोजा उरलेल्या दोघींवर पडला. १९ तारखेला तिसरी गेली आणि दुसऱ्या दिवशी चौथी. चारही केबलांना चटका लावणारा उन्हाळा एकच होता, आणि एकीने हात टेकले की तिचं ओझं दुसरीच्या डोक्यावर जाणार होतं. एक गेली तर तीन उरतात हे गणित खरं. फक्त त्या तिघींना चौघींचं काम करायचं असतं, हे गणिताच्या खालच्या ओळीत होतं.

पुढचे पाच आठवडे देशातल्या सर्वांत मोठ्या शहराचं व्यापारी केंद्र जवळजवळ अंधारात होतं. तिथे कामाला येणाऱ्या ७४ हजार माणसांपैकी सुमारे ६० हजारांनी घरून किंवा उपनगरांतल्या तात्पुरत्या जागांतून काम केलं. घरून काम करण्याचा शोध २०२० साली लागला असं समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. ऑकलंडकरांनी तो बावीस वर्षं आधी लावला होता, आणि तोही डायल-अपवर. काही कंपन्यांनी माणसं दुसऱ्या शहरांत हलवली, काहींनी थेट ऑस्ट्रेलियात. मध्यवस्तीच्या फ्लॅटांमध्ये राहणाऱ्या सहा हजारांपैकी बहुतेकांना दुसरीकडे आसरा शोधावा लागला. फुटपाथांवर भाड्याच्या जनरेटरांची गुरगुर सुरू झाली. बंदरात ‘युनियन रोटोरुआ’ हे मालवाहू जहाज लावून त्याच्या गॅस टर्बाइनची वीज शहरात घेतली गेली. शेवटी रेल्वेमार्गाच्या कडेने खांब ठोकून पेनरोझहून एक तात्पुरती उघडी लाइन ओढली, तेव्हा २७ मार्चला गाडी रुळावर आली. जमिनीखालच्या देखण्या व्यवस्थेने दगा दिल्यावर शहराला सोडवलं ते खांबावरच्या तारेने. आपल्याकडच्या कुठल्याही वायरमनने हा सल्ला पहिल्याच दिवशी दिला असता.

पुढे धडा घेऊन पेनरोझपासून शहराच्या मध्यापर्यंत नऊ किलोमीटरांचा केबल-बोगदा झाला. त्याचा आराखडा संकटाआधीच तयार होता.

मग ऑकलंडकर निर्धास्त झाले का? १२ जून २००६ च्या सोमवारी ओटाहुहू सबस्टेशनवर जोराचा वारा सुटला. वरून गेलेली एक अर्थची तार एका गंजलेल्या शॅकलला लटकत होती. शॅकल तुटला, तार खालच्या उच्चदाबाच्या तारांवर कोसळली आणि अर्धं ऑकलंड कित्येक तास बसलं. अर्थची तार असते ती बाकीच्या तारांच्या संरक्षणासाठी, हे वेगळं सांगायला नको.

विमानतळावर रांगा लावणाऱ्या २००९ च्या त्याच ऑक्टोबरला अजून समाधान नव्हतं. ३० तारखेला सकाळी आठच्या सुमारास ओटाहुहूजवळ कंटेनर उचलून चाललेली एक फोर्कलिफ्ट वरच्या २२० केव्हीच्या तारेला लागली. ओटाहुहूहून हेंडरसनकडे जाणाऱ्या अशा दोन लाइनी होत्या, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. त्या सकाळी दुसरी देखभालीसाठी बंद होती. उत्तर ऑकलंडचा बराचसा भाग आणि अख्खा नॉर्थलँड मिळून दोन लाख ऐंशी हजार ग्राहकांची वीज गेली.

मुंबईकरांनी यावर हसायची घाई करू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा ऊर्जामंत्र्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं होतं: महापारेषणच्या कळवा-पडघा केंद्रात सर्किट एकची देखभाल चालू होती, म्हणून भार सर्किट दोनवर होता, आणि सर्किट दोनमध्ये तांत्रिक बिघाड झाला. तिथे फोर्कलिफ्ट नव्हती एवढाच फरक. जोडीतलं एक दुरुस्तीला टेबलावर उघडं पडलं की जोडी मोडते, पण कागदावर ती जोडीच राहते.

वीज सोडून माहितीच्या तारांकडे वळलं तरी कथा तीच, फक्त पात्रांना शेपूट येतं. २० जून २००५ ला न्यूझीलंडच्या टेलिकॉम कंपनीचं जाळं कोलमडलं. उत्तर बेटात डेटा वाहणाऱ्या दोन मुख्य फायबर केबल होत्या, दोन वेगळ्या वाटांनी जाणाऱ्या. खंदक एक नाही, खांब एक नाही, अगदी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. वेलिंग्टनच्या उत्तरेला एक केबल उंदरांनी कुरतडली. दुरुस्तीची धावपळ चालू असतानाच तिकडे तारानाकीत कुणीतरी कुंपणाच्या खांबासाठी यंत्राने खड्डा खणत होतं. त्याने दुसरी तोडली. फोन, इंटरनेट, दुकानांतली कार्डयंत्रं बसली आणि शेअर बाजार काही तास बंद ठेवावा लागला. अमेरिकेत १९८७ साली एका खारीने नॅसडॅक ८२ मिनिटं बंद पाडला होता. न्यूझीलंडचे उंदीर त्याहून पुढे गेले, पण त्यांना माणसाची साथ होती, त्यामुळे हा विक्रम निखळ उंदरांच्या नावावर लावता येणार नाही.

२०१६ साली तिथल्या सरकारने २०५० पर्यंत देशातले उंदीर, स्टोट आणि पॉसम नाहीसे करण्याची मोहीम जाहीर केली. कारण दिलं ते किवीसारख्या पक्ष्यांच्या रक्षणाचं. पॉसम विजेच्या खांबांवर चढून फ्यूज उडवतात, म्हणून खांबांना गुळगुळीत पत्र्याचे पट्टे मारावे लागतात, हे पाहता वीज आणि फोन कंपन्यांनीही पक्ष्यांबद्दल मनापासून जिव्हाळा दाखवला असेल तर नवल नाही.

५ ऑक्टोबर २०१४ च्या पहाटे पेनरोझ सबस्टेशनमध्ये आग लागली. हो, ज्या पेनरोझपासून तो धडा घेऊन बांधलेला बोगदा निघतो तेच. एका केबलचा जोड बिघडला, आणि ती केबल ज्या चरातून गेली होती त्याच चरातून शेजारपाजारच्या पुष्कळ केबल गेल्या होत्या. पंचाहत्तर हजारांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. घराची दुसरी किल्ली पहिलीच्याच जुडग्यात अडकवून ठेवणारे लोक असतात. इथे ते अभियंते होते.

आणि तरीही २० जून २०२४ च्या प्रसंगापुढे हे सगळे प्रकार किरकोळ ठरतात. ऑकलंडच्या उत्तरेला ग्लोरिट नावाचं गाव आहे. तिथल्या कुरणातून नॉर्थलँडला वीज नेणारे ट्रान्सपॉवर या राष्ट्रीय कंपनीचे टॉवर जातात. एका टॉवरवर २२० केव्हीची दोन सर्किटं: एक गेलं तर दुसरं, या तत्त्वाचं शुद्ध उदाहरण, फक्त दोन्ही एकाच टॉवरवर. त्या दिवशी ठेकेदाराची माणसं टॉवरच्या पायांशी साफसफाईचं काम करत होती. टॉवर गंजू नये, दीर्घायुषी व्हावा, यासाठी. पायाच्या पट्ट्या नीट साफ करता याव्यात म्हणून नट काढावे लागतात. ते एका वेळी एका पायाचे थोडे थोडे काढायचे असतात. काढले गेले तीन पायांचे सगळे. टॉवर चौथ्या पायाकडे पाहत क्षणभर उभा राहिला असेल-नसेल, मग कुरणात आडवा झाला.

सुमारे लाखभर ग्राहकांची वीज गेली. वादळ नाही, ज्वालामुखी नाही, शत्रूचं आक्रमण नाही. चार पायांच्या वस्तूचे तीन पाय मोकळे केले तर ती पडते, एवढंच. पुढे रीतसर तपास झाला, ट्रान्सपॉवरच्या मुख्य अधिकाऱ्यांनी नट काढल्याची कबुली जाहीरपणे दिली, प्रक्रियेतल्या त्रुटी, प्रशिक्षण, देखरेख यांवर पानंच्या पानं लिहिली गेली. ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. गंज चढू दिला असता तर तो टॉवर आणखी कितीतरी वर्षं उभा राहिला असता.

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. २२ फेब्रुवारी २०११ ला क्राइस्टचर्चमध्ये भूकंप झाला, १८५ माणसं गेली, आणि त्या गोंधळात शहरातल्या मुख्य रुग्णालयाचा राखीव जनरेटरही मध्येच बंद पडला. डिझेलच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ हादऱ्यांनी ढवळून वर आला होता आणि फिल्टर तुंबले होते. डॉक्टर-परिचारिकांनी बॅटरीच्या उजेडात काम केलं. महिनोमहिने न वापरलेल्या डिझेलात पाणी आणि गाळ साचतो, ते अधूनमधून गाळून घ्यावं लागतं. हे काम खर्चाचं, न दिसणारं आणि म्हणून दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून सहज वगळण्याजोगं असतं.

फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल चक्रीवादळात नेपियरजवळचं रेडक्लिफ सबस्टेशन पुरात बुडालं. शहराची वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे बॅटरीवर आले. या बॅटऱ्या काही तासांपुरत्याच असतात, कारण तेवढ्यात वीज येतेच असा अनुभव. त्या वेळी काही दिवस आली नाही. जनरेटर घेऊन मनोऱ्यापर्यंत जावं तर रस्ते वाहून गेलेले, आणि फायबर ज्या पुलांना बांधलेली ते पूलही काही ठिकाणी नदीत. बॅटरी, रस्ता आणि पूल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं कागदावर मानलेलं होतं. नदीने तसं मानलं नाही.

आता कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी यावर उपाय काढला आहे: आपला सर्व्हर आपल्या तळघरात ठेवायचाच नाही, क्लाउडमध्ये टाकायचा. म्हणजे जनरेटरची स्टार्टर बॅटरी दुसऱ्याची, गाळ दुसऱ्याचा, तांबडं बटणही दुसऱ्याचं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडमधलं आपलं पहिलं क्लाउड केंद्र सुरू केलं, ॲमेझॉनचं २०२५ मध्ये आलं. एकेका केंद्राचे तीन-तीन झोन. प्रत्येक झोनच्या इमारती वेगळ्या, वीज वेगळी, गारवा करणारी यंत्रणा वेगळी. एक झोन बुडाला तर दुसरा, दुसरा बुडाला तर तिसरा. दोन्ही कंपन्यांचे सगळे झोन ऑकलंड परिसरात.

ऑकलंड शहर सुमारे ५३ ज्वालामुखींच्या क्षेत्रावर वसलेलं आहे. शेवटचा मोठा उद्रेक सहाशे-एक वर्षांपूर्वी झाला, त्यातून रांगितोतो बेट वर आलं. भूशास्त्रज्ञ सांगतात की इथला ज्वालामुखी बहुधा एकदा फुटलेल्या जागी पुन्हा फुटत नाही; पुढचा नव्याच ठिकाणी उगवेल. म्हणजे डेटा सेंटरला जागा घेताना जुनी मुखं टाळून फारसं काही साधत नाही. खात्रीची गोष्ट एकच, की ज्वालामुखीच्या राखेने जनरेटरचे एअर फिल्टर भराभर तुंबतात, तेव्हा फिल्टरचे जादा संच हाताशी हवेत. ते संच ठेवायचं कपाट बहुधा जनरेटरच्याच खोलीत असेल.